बैलजोडी जुन्या व्हर्जनमध्ये उघडत नाही

जुनी फाइल नव्यात उघडते, नवी फाइल जुन्यात उघडत नाही. हे ज्यानं ठरवलं तो माणूस मला एकदा भेटायला पाहिजे होता. भर मे महिन्यात, बडनेऱ्याच्या फलाटावर, पंखा बंद असताना. मी त्याला मारलं नसतं. फक्त विचारलं असतं, काहून बे? तुझं काय जात होतं?

लोकांना वाटतं, लाकूड कोरायची मशीन म्हणजे बटण दाबलं की दारावर मोर. मोर आधी कंप्युटरवर काढावा लागतो राजेहो. नुसत्या रेघांचा नाही, उठावाचा. मान किती वर यायची, पिसारा किती खाली दाबायचा, सगळं ठरवावं लागतं. मग त्या उठावावरून कटर कसा फिरेल ते त्याच सॉफ्टवेअरमध्ये बसवायचं आणि मशीनला तिच्या भाषेत सांगायचं. मोर काढणारा मी, अमरावतीला. मशीन चालवणारा माझा भागीदार, अकोल्याला, जठारपेठेत. मधल्या अंतरात पेनड्राइव्ह, एसटी आणि माझ्या शिव्या यांची ये-जा चालायची.

भागीदाराच्या घरात सगळे लाकडातलेच. आजोबांनी बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, चाकं केली, वडिलांनी दिवाण आणि पलंग कोरले, आणि यानं घरच्यांशी भांडून ही मशीन आणली. वडील शेवटपर्यंत तिला "तुम्हारी चक्की" म्हणत आणि तिच्याकडे पाठ करून बसत. माणूस मात्र लाखातला. मी फोनवर आरडाओरडा केला की तो शांतपणे ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "हो गया भाऊ? आता कामाचं बोलू."

त्याच्या मशीनबरोबर आलेलं सॉफ्टवेअर एका किल्लीत बंद होतं. किल्ली म्हणजे पेनड्राइव्हसारखीच एक वस्तू, ती कंप्युटरच्या पाठीत खोचली तरच ते चालू होणार. मशीन विकणारा इसम पुढं दुकान गुंडाळून कुठं गेला कुणास ठाऊक, आणि भागीदार त्या एका व्हर्जनशी जन्माचा बांधला गेला. माझ्याकडेही तेच व्हर्जन होतं तोवर आमचा संसार गोडीगुलाबीनं चालला. मग एका उन्हाळ्यात विजेनं झटका दिला आणि माझा कंप्युटर जळाला. कंप्युटरवाला म्हणाला, जुनं व्हर्जन आता येतच नाही, नवं घ्या, नव्यात सगळं आहे. सगळं होतं, खोटं नाही बोलत. फक्त त्यातला उठाव काही केल्या अकोल्याला उघडत नव्हता, नुसत्या रेघा तेवढ्या जायच्या.

बरं, दिवसही असे की चूक परवडू नये. पाऊस यायचा तेव्हा दडी मारायचा, नको तेव्हा कोसळायचा, कापूस घरात पिवळा पडेपर्यंत भावाची वाट पाहायची. ज्यांच्या जिवावर आमची दारं खपायची त्या लोकांनी घरं बांधणं थांबवलं होतं. अर्धी बांधलेली घरं गावोगाव सळया वर काढून उभी होती. आम्ही देवघरं करायचो, घरावरच्या पाट्या करायचो, एकदा तर एका हॉटेलवाल्याला पोळपाटावर त्याच्या हॉटेलचं चिन्ह कोरून दिलं. पोळपाटावर! पोळीवर ते उलटं उमटलं म्हणून तो भांडायला आला, ते वेगळंच.

त्या साली श्रावण लागायच्या सुमारास मी अकोल्याला गेलो होतो, भागीदाराशी समोरासमोर भांडायला. फोनवर समाधान होत नव्हतं. आमचं ऐन रंगात आलं असताना दुकानात एक काकू आल्या. तेल्हाऱ्याकडच्या एका खेड्यातल्या, घरची कापसाची काळी जमीन असलेल्या, डोक्यावर पदर आणि हातात नायलॉनची पिशवी. आमचं भांडण संपेपर्यंत त्या उभ्या राहिल्या नाहीत, सरळ मध्येच बोलल्या.

"मशीनवर देव काढता म्हने तुमी."

"काढतो ना काकू," भागीदार म्हणाला. "कोनता पाह्यजे? गणपती हाय, बालाजी हाय..."

"बैल पाह्यजेत. जोडी."

त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला. भाच्यानं मागच्या पोळ्याला काढलेला फोटो होता. दोन पांढरे बैल, अंगावर झुली, शिंगांना बेगड, समोरून काढलेले. एकाची शिंगं सरळ वर, दुसऱ्याचं एक शिंग कानाकडे वळलेलं, जसं काही कुणी दाबून धरलंय.

काकू सांगू लागल्या. उन्हाळ्यात वैरण संपली. विकत मिळेना, मिळाली तर गाडीभाड्यातच जीव जाई. काकांनी, म्हणजे काकूंच्या मालकांनी, जोडी बाजारात नेऊन विकली आणि घरी येऊन जाहीर केलं की आपल्या घरी आता पोळा नाही. त्या दिवसापासून माणूस गोठ्याकडे फिरकला नव्हता. गोठ्यावरून जायचं असलं तर मागच्या बोळातून जायचा. बैलांचं नाव घरात कुणी काढायचं नाही.

"पोळ्याच्या आदल्या सांजेले खांद शेकतेत," काकू म्हणाल्या. मला माहीत होतं, तरी सांगत होत्या. बैलांच्या खांद्याला, जिथं जू बसतं तिथं, कोमट तूप आणि हळद चोळायची आणि त्यांना आमंत्रण द्यायचं: आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. "मी लग्न होऊन आली तवापासून एक साल चुकलं नाई. मी आजारी असली तं हे सोताच देत. आता आवतण कोनाले देऊ? भिंतीले देऊ?"

मी म्हटलं, "काकू, कुंभाराकडं मातीचे मिळतात की. पुष्कळ लोक त्यांचीच पूजा करतात."

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी स्टुलावर बसल्या जागी सरकलो. "मातीचे कोनाचेई अस्तेत. मले आमचे पाह्यजे. ह्याचं शिंग पाह्य, वाकडं हाय. तसंच आलं पाह्यजे. नाई तं तो मानूस वळखनार नाई अन् म्हनन, कोनाचे बैल घरात आनले."

भागीदारानं विचारलं, कधीपर्यंत पाहिजे.

"खांद शेकाच्या सांजेले घरात पाह्यजे. पोळ्याच्या दिवशी आनसान तं चुलीत घालीन, आधीच सांगून ठेवतो."

फोटो मी माझ्या मोबाइलवर घेतला आणि काकू गेल्या. मला भरून आलं होतं, आणि मला भरून आलं की कुणावर तरी ओरडावंसं वाटतं. समोर भागीदारच होता. तरी त्या दिवशी ओरडलो नाही. सागाची एकच मोठी फळी घ्यायची, तिच्यावर दोन्ही बैल समोरून, छातीपर्यंत, चांगले उठावाचे काढायचे असं ठरलं. पातूरच्या बाजूला एक जुनं घर उतरवलं होतं, तिथल्या तुळईचं लाकूड भागीदारानं जपून ठेवलं होतं. तेच वापरू म्हणाला.

बैल काढायला मला मजा आली, हे कबूल करतो. नव्या व्हर्जनमध्ये एक सोय होती, माउसनं माती थापल्यासारखा उठाव वाढवता यायचा, बोटानं दाबल्यासारखा खाली बसवता यायचा. मी गळ्याखालची लोंबती पोळी काढली, नाकपुड्या काढल्या, डोळ्यांच्या वरचं ते हाड काढलं. वाकडं शिंग तर असं जमलं की बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून दाखवलं. ती म्हणाली, छान आहे, पण आपण राहतो त्या घराच्या दाराला कडी कधी बसवता? बघू या वेळी तरी उघडते का, म्हणून मी फाइल अकोल्याला पाठवली आणि जेवायला बसलो. पहिला घास तोंडात आणि फोन.

"नहीं खुली भाऊ."

"नीट बघ."

"नीटच बघून राह्यलो. म्हनते, ही फाइल ओळखता येत नाही."

इथून जे सुरू झालं ते लिहितानाही माझा रक्तदाब वाढतो. नव्या व्हर्जनमध्ये 'जुन्या व्हर्जनसाठी जतन करा' असं एक बटण मला त्या दिवशी सापडलं. मी म्हटलं, घ्या, देव आहे. पण ते बटण एकच पायरी मागं जायचं. भागीदार त्याच्याही मागच्या पायरीवर बसलेला. म्हणजे जिना केला आणि शेवटची पायरी बांधायची विसरले! मग मी म्हटलं, फाइल कुठल्याच व्हर्जनची नको, सगळ्यांना चालते अशी एक सामायिक जात असते, तिच्यात काढून पाठवू. उघडली. भागीदार आनंदानं ओरडला, आणि मग म्हणाला, अरे थांब. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, बैल आत गेले. म्हणजे काय आत गेले? म्हणजे जिथं वर यायला पाहिजे तिथं खड्डा होता. नाकाच्या जागी खड्डा, कपाळाच्या जागी खड्डा. "कुल्फीचा साचा वाटून राह्यला भाऊ," तो म्हणाला आणि हसला. मी फोन आपटला.

मग मी त्या सॉफ्टवेअरच्या मदतकेंद्राला फोन लावला. पुण्याचा मुलगा होता, फार गोड बोलत होता. त्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सर, तुम्ही कृपया रागावू नका."

"मी रागावलो नाई. मी असाच बोलतो."

"बरं सर. यावर उपाय म्हणजे, दुसऱ्या संगणकावरही नवीन आवृत्ती घ्यायची."

"अन् तिथली मशीन जुन्या आवृत्तीशिवाय कोनाचं ऐकत नाई, तिचं काय करू? तिले समजावून सांगू?"

तो म्हणाला, "सर, तुमची तक्रार नोंदवून घेतो." घेतली असेल बिचाऱ्यानं. अजून कुठंतरी नोंदलेली असेल.

भागीदार म्हणाला, मग माझ्याच जुन्यात बैल काढ ना इथं येऊन. गेलो. दोन दिवस त्याच्या कंप्युटरसमोर बसलो. त्या जुन्यात माती थापायची सोय नाही, सगळं रेघा काढून फुगवायचं. बैल फुगले ते असे की भागीदाराच्या बायकोनं चहा ठेवता ठेवता विचारलं, "ये भैंस किसकी है?" मी पुसून टाकलं आणि दुपारच्या गाडीनं परत निघालो. मूर्तिजापूर येईपर्यंत स्वतःशीच बडबडत होतो. समोरच्या बाकावरचा म्हातारा उठून दुसरीकडे जाऊन बसला.

पुढच्या खेपेला, मशीननं नव्याचं ऐकलं तर ऐकलं म्हणून, माझा कंप्युटरच उचलून नेला. अख्खा डबा, चादरीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन. कंडक्टर म्हणाला, "साहेब, याले तिकीट लागन काय?" मी डबा आणखी घट्ट धरला. अकोल्याला पोहोचून मशीनची तार लावायला गेलो तर माझ्या डब्याला ते भोकच नाही! मशीनची तार रुंद, जुन्या पद्धतीची, अन् नव्या डब्यांना ती जागा ठेवणंच बंद केलेलं. म्हणजे सॉफ्टवेअरनं एक दार लावलं, डब्यानं दुसरं. मी तिथंच लाकडाच्या भुशात बसलो. भागीदारानं पाणी आणून दिलं आणि माझ्या डब्यावरचा भुसा आपल्या रुमालानं पुसला.

इकडे काकूंचे फोन सुरू झाले होते. त्या मला फोन करत नसत, भागीदाराला करत. तो नेमानं मला सांगायचा. काकूंनी घरात अजून कुणाला सांगितलं नव्हतं. काका आता रात्री लवकर झोपायला लागले होते आणि सकाळी उशिरा उठायला लागले होते. बैलांसाठी पहाटे उठायचं कारण उरलं नव्हतं. काकू म्हणाल्या होत्या, "पोळा आला नाई ना घरात, तं हा मानूस पुढच्या सालीई असाच झोपून राहीन."  मला त्या क्षणी सगळ्या जगातल्या व्हर्जनांची होळी करावीशी वाटत होती.

शेवटी उपाय निघाला तो अगदी गावठी. उठावाचं काळं-पांढरं चित्र करायचं. जे वर ते पांढरं, जे खोल ते काळं, मधलं सगळं राखाडी. चित्र कुठलंही व्हर्जन उघडतं, चित्राला जातपात नसते. त्यावरून जुनं सॉफ्टवेअर पुन्हा उठाव तयार करतं. उठाव येतो, पण गुळगुळीत येत नाही. राखाडीच्या छटा ठरावीक असतात, म्हणून बैलाच्या अंगावर पायऱ्या पडतात, शेतातल्या बांधबंदिस्तीसारख्या. भागीदार म्हणाला, पायऱ्यांचं मी बघतो, हातानं घासून काढतो. तू चित्र पाठव.

त्याआधी आमचं फोनवर कडाक्याचं वाजलं होतं. मी त्याला म्हटलं होतं की तुझ्या हट्टापायी मी ही कुतरओढ सहन करतो आहे, ती किल्ली फेकून दे विहिरीत. तो म्हणाला होता, तुझा कंप्युटर जळाला, माझा नाही. दोघांचंही खरं होतं. मी रागारागातच चित्र तयार केलं, पाठवलं आणि तोंडानं एक शब्द बोललो नाही. त्यानंही काही विचारलं नाही.

मशीन सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालली. मधे दोनदा वीज गेली, तेव्हा तो मशीनशेजारीच बसून राहिला, कटर हलला तर सगळं वाया जाईल म्हणून. मग पायऱ्या काढायला त्यानं वडिलांच्या हातानं कोरायच्या पटाश्या काढल्या. मी पाहायला गेलो तेव्हा पॉलिश वाळत होतं. राग, रुसवा, सगळं विसरलो. जुन्या सागाचा तो मधासारखा रंग, गळ्याच्या पोळीवरच्या वळ्या, आणि ते वाकडं शिंग, कानाकडे झुकलेलं. मी शिंगावरून बोट फिरवलं. पायरीचा मागमूस नाही. मी म्हटलं, "भाई, कमाल केलीस." तो म्हणाला, "पॉलिशले हात नको लावू, कच्चं हाय." एवढं बोलून आमचं भांडण मिटलं.

खांद शेकण्याच्या दिवशी फळी चादरीत गुंडाळून आम्ही दोघं निघालो. अकोट, तेल्हारा, पुढं एका ऑटोत मांड्यांवर फळी आडवी घेऊन. वाटेतल्या गावांत लोक बैलांना नदीवर धुवून आणत होते. बैल तसे कमीच दिसले. काकूंचं घर गावाच्या टोकाला. काका ओसरीत बसले होते, उंच, हाडकुळे, दाढी वाढलेली. "या" म्हणाले, कशाला आलो ते विचारलं नाही. काकूंनी आम्हाला सरळ गोठ्यात नेलं. गोठा झाडून, शेणानं सारवून ठेवला होता. गव्हाणीवर फळी उभी केली. काकूंनी पदर तोंडाला लावला आणि नुसत्या पाहत राहिल्या. मग एका वाटीत तूप कोमट करून आणलं, हळद कालवली, आणि ओसरीकडे तोंड करून हाक मारली.

"अवो, जरा इकडं या."

काका उठले नाहीत.

"अवो, या पोट्ट्याइनं बैल काढून आनले. शिंग बरोबर काढलं का नाई, एवढं पाहून घ्या. मले नाई समजत."

त्यांना चांगलंच समजत होतं. बराच वेळ गेला. मी भागीदाराकडे पाहिलं, तो जमिनीकडे पाहत होता. मग काका आले. मागच्या बोळातून नाही, समोरून आले. दारातच थांबले. फळीकडे पाहिलं, दोन पावलं आत आले, पुन्हा पाहिलं. आणि एकदम भडकले.

"हे कोनं जुपले असे?"

भागीदारानं फळीकडं पाहिलं, मी त्याच्याकडं.

"अबे, वाकड्या शिंगाचा डाव्या अंगाचा हाय! जलमभर डाव्या अंगानं चालला तो. तुमी त्याले उजव्याले घातला. असा जुपला तं नांगराचं एक तास धरनार नाई, जू मोडून ठेवीन! अन् हा दुसरा, ह्याले डाव्या अंगाले घातलं तं हा गडी जागचा हालत नाई. एकदा मी चुकीनं जुपलं होतं, बाप्पा, बंडी नाल्यात! हे माह्या बापाले उजागर हाय, साऱ्या गावाले उजागर हाय, तुमाले कसं नाई समजलं?"

बोलतच राहिले. कोणता कसा चालायचा, कोणाला कुठं थांबायची सवय, वखरावर कोण पुढं ओढायचा. काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि पदराआड त्यांचे डोळे वाहत होते. उन्हाळ्यापासून त्या माणसानं बैलांबद्दल ब्र काढला नव्हता.

मी मोबाइलवरचा फोटो काढून फळीशेजारी धरला. फोटोत वाकडं शिंग एका बाजूला, फळीवर दुसऱ्या बाजूला. अख्खं चित्र आरशातल्यासारखं उलटं. कसं झालं ते मला तिथल्या तिथं कळलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या जुन्या मशीनची एक खोड होती, काहीही दिलं की ती उजव्याचं डावं करून कोरायची. म्हणून भागीदार येईल ते आधी उलटून घ्यायचा, न सांगता, सवयीनं. मला खोड माहीत होती, पण तो आपणहून उलटवतो हे नाही, मी आपला दरवेळी फोनवर आठवण द्यायचो. त्याला आठवण करून द्यायला लागू नये, कारण बोलायचंच नव्हतं, म्हणून या वेळी मीच उलटून पाठवलं. त्यानं, भाऊ चिडलेला आहे, विचारायला नको, म्हणून न विचारता पुन्हा उलटलं. दारावर हे कधीच कळलं नसतं. वेलबुट्टीला डावं-उजवं नसतं, मोर दोन्ही पल्ल्यांवर एकमेकांकडे तोंड करून असतात. पाटीवर अक्षरं असती तर लगेच दिसलं असतं. बैलांवर अक्षरं नसतात.

"तू उलटवलं?" मी भागीदाराला विचारलं.

"मी तं दरवेळीच उलटवतो. तूने बताया क्यूँ नहीं?"

"तू विचारलं काहून नाई?"

"तू बोलून राह्यला होता काय माझ्याशी?"

त्या सारवलेल्या गोठ्यात, त्या माणसासमोर आम्ही भांडलो. मग मला लाज वाटली. मी काकांना समजावू लागलो, "काका, ते असं झालं, माझ्याकडचं व्हर्जन नवीन, याच्याकडचं व्हर्जन जुनं..."

"कोन वर्जन?" काका म्हणाले. त्यांना वाटलं असावं, कुणी गडीमाणूस असेल.

भागीदारानं हात जोडले. "काका, लाकूड आहे माझ्याकडं. आज रात्रभर मशीन चालवतो, उद्या सकाळी सूर्य उगवायच्या आत बरोबर करून आणतो. डावा डाव्याले, उजवा उजव्याले."

"सकाळी आनून काय करू?" काकू म्हणाल्या. "आवतण आजच अस्ते." वाटीतलं तूप त्यांच्या हातात गार होत चाललं होतं. मला वाटलं, संपलं. इतकी ये-जा केली, इतक्या शिव्या घातल्या, आणि या घरातला पोळा आम्ही दोघांनी मिळून उलटा करून ठेवला. मला रडू येत होतं आणि मला स्वतःचाच एवढा संताप आला होता की दात आवळून उभा होतो.

काकांनी काकूंच्या हातातून वाटी घेतली. गव्हाणीसमोर उकिडवे बसले. दोन बोटं तुपात बुडवली आणि वाकड्या शिंगाच्या बैलाच्या खांद्यावर, जिथं जू बसतं बरोबर तिथं, चोळायला लागले. हळूहळू, अंगठ्यानं दाबून. भागीदार अजून तसाच हात जोडून उभा होता. "काका, खरंच आणतो. एक रात्र द्या."

"राहू दे बाप्पा," काका म्हणाले, मागं वळून न पाहता. "आता त्याइले कोन जुपून राह्यलं."

आणि दुसऱ्याचा खांदा चोळायला घेतला.